गाणं थांबलं की लिहायला बसा

बाबांवर लिहायला बसले तेव्हा तीन पानं भरली, पण त्यात बाबा कुठेच नव्हते. 'शांत', 'कष्टाळू', 'अबोल' असे शब्द होते, आणि ते कुणाच्याही वडिलांना लागू पडले असते. मी वही मिटून ठेवली. काही दिवसांनी दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसले होते, तेव्हा आतल्या खोलीतल्या रेडिओवर एक जुनं गाणं लागलं. ते गाणं मला कधीच विशेष आवडलं नव्हतं. पण मुखड्यानंतरची बासरी सुरू झाली आणि बाबांचा हात दिसला. उघड्या रेडिओच्या पोटात स्क्रू-ड्रायव्हर, दातांत धरलेला बारीक स्क्रू, आणि टॉर्च धरून उभी असलेल्या मला 'हलवू नकोस' असं सांगणारी नुसती भुवई. तीन पानांत जो अबोलपणा मला दाखवता आला नव्हता, तो त्या भुवईत होता.

तेव्हापासून आठवणींवर लिहायचं असलं की मी गाण्याची मदत घेते. नव्यानं लिहू लागलेल्यांना सांगण्यासारखं यात बरंच आहे, आणि त्यातलं पुष्कळ मला चुकून चुकूनच कळलं.

पहिली चूक गाणं निवडण्यात झाली. मी आवडत्या गाण्यांची प्लेलिस्ट केली आणि वही उघडून बसले. छान वाटलं, पण आठवलं काहीच नाही. आवडतं गाणं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलेलो असतो: प्रवासात, आवराआवर करताना, झोपताना. एकाच खुंटीवर पन्नास कपडे टांगले की हवा तो सदरा हाती लागत नाही, तसं होतं. स्मृतीचा अभ्यास करणारेही हेच सांगतात, की एका खुणेला जितक्या जास्त आठवणी जोडलेल्या, तितकी ती खूण एखादी नेमकी आठवण वर आणायला कमी पडते. म्हणून एका काळात सतत कानावर पडलेलं आणि नंतर हरवून गेलेलं गाणं शोधा. मोठ्या भावंडाच्या कॅसेटवरचं, शेजारून ऐकू येणारं, तुम्हाला नकोसं झालेलं. जाहिरातीची धून किंवा रेडिओवरच्या कार्यक्रमाची सुरुवातीची धूनसुद्धा चालते. मला तर त्यांनीच सगळ्यात जास्त दिलं आहे.

कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर स्वतःच्या वयाच्या दहाव्या ते विसाव्या वर्षांत गाजलेली गाणी काढा. माणसाला पौगंडावस्थेतल्या आणि ऐन तारुण्यातल्या आठवणी इतर काळापेक्षा दाट असतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आणखी एक जागा सहसा सुचत नाही: आईवडिलांच्या तरुणपणची गाणी. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विशीतल्या मुलांना त्या गाण्यांशी जोडलेल्या स्वतःच्या आठवणीही सांगता आल्या होत्या. ज्या घरात आपण वाढतो, तिथे मोठ्यांचं तरुणपण वाजत असतं.

प्रत्येक गाण्यानं दार उघडेल अशी अपेक्षा मात्र धरू नका. संगीत आणि स्मृतीचे अभ्यासक पीटर जनाटा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तरुणांना त्यांच्या लहानपणी आणि किशोरवयात गाजलेल्या गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवले, तेव्हा सरासरी ३० टक्के तुकड्यांनीच व्यक्तिगत आठवण जागी केली. सात गाणी कोरडी गेली म्हणून माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, असं मी सुरुवातीला खरोखर मानलं होतं. तुम्ही तसं मानू नका.

ऐकताना हातात पेन नको. डोळे मिटा, गाणं एकदाच, पूर्ण ऐका. 'मला काय वाटतंय' हे विचारू नका. मी कुठे आहे, बसले आहे की उभी, उजेड कुठून येतोय, पलीकडच्या खोलीत कोण आहे, हातात काय आहे, एवढंच स्वतःला विचारा. मग गाणं बंद करा आणि शांततेत पंधरा मिनिटं लिहा.

गाणं बंद करण्यावर मी इतका जोर देते त्याला कारण आहे. शब्द असलेलं गाणं चालू असलं की त्याचे शब्द तुमच्या मनातल्या शब्दांशी भांडतात, हा एक भाग. दुसरा भाग जास्त फसवा आहे. एका मैत्रिणीवरचा मजकूर मी तेच गाणं पुन्हा पुन्हा लावून लिहिला. लिहिताना रडले आणि वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी गाण्याशिवाय वाचला, तर पानावर काहीही नव्हतं. रडवलं होतं व्हायोलिननं, आणि मी ते माझ्या वाक्यांचं श्रेय समजले होते. आता पहिला खर्डा दुसऱ्या दिवशी, पूर्ण शांततेत वाचल्याशिवाय मी कुणाला दाखवत नाही. शेवटच्या खर्ड्यात गाण्याचं नाव राहतंच असंही नाही. वाचकाच्या कानात ते वाजणार नसतं, त्याला भुवई दिसली पाहिजे.

काही गाणी दुःखाचं दार उघडतात. तसं झालं तर थांबा, उठा, जवळच्या कुणाशी बोला. ते लेखन आजच व्हायला हवं असं नाही.

आणि आठवण स्पष्ट आहे म्हणजे ती जशीच्या तशी खरी आहे, असं धरून चालू नका. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं की आठवताना आपण प्रसंग पुन्हा रचतो. याबाबतीत गाण्याचा एक फायदा आहे: ते कधी आलं हे तपासता येतं. माझ्या एका आठवणीतलं गाणं, आम्ही ते घर सोडल्यानंतर दोन वर्षांनी आलेलं निघालं. दोन घरं माझ्या मनात एक झाली होती.

म्हणून रेडिओचा प्रसंग लिहून झाल्यावर मी तो ताईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, टॉर्च माझ्या हातात होता, तू खाली बसली होतीस. दातांतला स्क्रू मात्र तिलाही आठवत होता. मग तिनं विचारलं, "रेडिओ तर उघडून ठेवला होता ना? मग गाणं कुठून येत होतं?"

मला उत्तर देता आलं नाही.

"अगं, बाबा गुणगुणत होते," ती म्हणाली. "दातांत स्क्रू धरून. ती मधली बासरी."