चूक कोणाच्या पदरात? एआय, तत्त्वज्ञान आणि सुरुवात कुठून करायची

विश्वासार्ह एआयवर काम करायचं म्हणून तत्त्वज्ञान आणि संगणकशास्त्र दोन्ही शिकायला निघालेले बहुतेक जण थोडं पायथन, थोडा कांट आणि ट्रॉलीचं कोडं (पाचांना वाचवायला एकाला मरू द्यावं का?) अशी मोट बांधतात. त्याने दोन्ही विषय शेजारी राहतात, पण त्यांची गाठ पडत नाही. त्यापेक्षा एकच डेटासेट, म्हणजे नोंदींची तयार फाइल, घ्या आणि तळापर्यंत खणा. नवख्यांसाठी कॉम्पासइतका चांगला डेटासेट दुसरा नाही.

कॉम्पास हे नॉर्थपॉइंट (आता इक्विव्हंट) कंपनीचं, अमेरिकेतल्या न्यायालयांत वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. आरोपी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, याला ते १ ते १० असा अंक देतं. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतल्या नोंदी तपासून प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१६मध्ये दाखवलं, की दोन वर्षांत पुन्हा न पकडल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना जास्त धोक्याचा शिक्का बसला होता. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण २३ टक्के होतं. कंपनीचं म्हणणं असं, की शिक्का बसलेल्यांपैकी खरंच पुन्हा पकडले गेलेले दोन्ही गटांत साधारण सारखेच आहेत, ६३ आणि ५९ टक्के. गंमत म्हणजे दोघांचीही आकडेमोड बरोबर आहे.

हे कसं शक्य आहे ते कागदावर करून बघा. प्रत्येकी १०० जणांचे दोन गट घ्या. पहिल्यात ५० जण पुन्हा पकडले जाणार, दुसऱ्यात २०. मॉडेल दोन्ही गटांत त्यांच्यापैकी ६० टक्के ओळखतं, आणि त्याने लावलेले ६० टक्के शिक्के खरे ठरतात. पहिल्या गटात ३० जण बरोबर ओळखले, म्हणजे एकूण शिक्के ५०, त्यात २० निर्दोष, म्हणजे पुन्हा न पकडले जाणारे. निर्दोष एकूण ५० होते, म्हणजे ४० टक्क्यांवर अन्याय. दुसऱ्या गटात १२ जण बरोबर ओळखले, शिक्के २०, त्यात ८ निर्दोष. निर्दोष ८० होते, म्हणजे १० टक्के. मॉडेल तेच, अचूकतेचे निकष तेच, तरी अन्याय चौपट. पुन्हा पकडले जाण्याचं मूळ प्रमाण दोन गटांत वेगळं असेल आणि मॉडेल परिपूर्ण नसेल, तर किती जण ओळखले, किती शिक्के खरे ठरले आणि किती निर्दोषांवर अन्याय झाला, हे तिन्ही निकष एकदम सारखे ठेवता येत नाहीत. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे; जास्त डेटा ओतून सुटत नाही.

इथे कोड थांबतं. कोणता निकष धरायचा, हा प्रश्न चुकीची किंमत कोणी मोजायची याचा आहे. निर्दोष माणूस कोठडीत राहणं आणि धोकादायक माणूस सुटणं यांचं वजन वेगवेगळं, आणि ते का, याचा युक्तिवाद लिहावा लागतो. वितरणात्मक न्यायावरचं, म्हणजे फायदा-तोटा कोणाच्या वाट्याला किती यावरचं, वाचन याच टप्प्यावर करा. आधी केलं तर ते परीक्षेपुरतं राहतं.

मग लेबलकडे, म्हणजे मॉडेलने ओळखायच्या उत्तराकडे, या. प्रोपब्लिकाच्या फाइलमधला ‘टू इयर रेसिड’ (दोन वर्षांत पुनरावृत्ती) हा कॉलम गुन्हा मोजत नाही, पोलिसांत झालेली नोंद मोजतो. ज्या वस्तीत गस्त जास्त, तिथे नोंदी जास्त. शिवाय ७,२१४ ओळींच्या या फाइलमध्ये एक गोची आहे: पुन्हा न पकडलेल्यांसाठी पूर्ण दोन वर्षांच्या नोंदींची अट लावली, पुन्हा पकडलेल्यांसाठी मात्र नाही. त्यामुळे पुनरावृत्तीचं प्रमाण ४५ टक्के दिसतं. नीट गाळल्यावर ते ३६च्या आसपास येतं. हे २०१९मध्ये लक्षात आलं, तोवर कित्येक शोधनिबंध याच फाइलवर लिहून झाले होते! १ ते १० मधून ५ आणि त्यापुढचे धोक्याचे, ही रेघही प्रोपब्लिकाने विश्लेषणासाठी आखलेली. ती ७वर नेऊन आकडे पुन्हा काढा.

वंशाचा कॉलम काढून टाकला की झालं, असं वाटणाऱ्यांनी तेही करून बघावं. आधीच्या गुन्ह्यांच्या नोंदींची संख्या आणि वय या कॉलमांतून तीच माहिती बऱ्याच अंशी परत येते. उलट कॉलम काढल्यावर भेदभाव मोजायचं साधनच हातातून जातं.

एवढ्यासाठी सशर्त संभाव्यता, लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही उत्तराची शक्यता काढणारं साधं मॉडेल) आणि पांडाज व सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररी पुरतात. न्यूरल नेटवर्क नंतर. फेअरलर्नसारखी भेदभाव मोजणारी तयार लायब्ररी हाताने आकडे काढल्याशिवाय वापरू नका. ती निकष मोजून देते, निवडून देत नाही.

विश्वास या कल्पनेसाठी मात्र आपल्याकडचा न्याय आणि मीमांसा या दोन दर्शनांमधला वाद जरूर वाचा. ज्ञान मुळातच प्रमाण धरावं, की बाहेरून पडताळून? मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात, नैयायिक परतःप्रामाण्य. शब्दप्रमाणासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणाऱ्या ज्ञानासाठी, नैयायिकांना आप्त लागतो: ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. चॅटबॉटमागच्या भाषा-मॉडेलकडे यातलं काहीच नाही, तेव्हा त्याच्या उत्तराला वेगळी चाचणी लागतेच. उत्तराचा आत्मविश्वासाचा सूर ही चाचणी नव्हे.

पदवीच हवी असेल तर ऑक्सफर्डमध्ये २०१२पासून दोन्ही विषयांचा तीन किंवा चार वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम आहे, आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठात तर्कशास्त्राची दोन वर्षांची मास्टर्स. इंजिनिअरिंग करून इकडे वळणाऱ्यांना गेटचा मानव्यविद्यांचा पेपर २०२१पासून आहे, त्यात तत्त्वज्ञान निवडता येतं. आयआयटी मुंबईच्या मानव्यविद्या विभागात तत्त्वज्ञानात पीएचडी होते.

नोकरीसाठी मात्र पदवीपेक्षा अशा एखाद्या मॉडेलच्या तपासणीचा चार पानी ऑडिट अहवाल जास्त उपयोगी पडतो. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ला अमलात आला. जास्त जोखमीच्या प्रणालींना तो जोखीम-व्यवस्थापन, तांत्रिक दस्तऐवज आणि मानवी देखरेख टप्प्याटप्प्याने सक्तीची करतो. हे लिहिणारी माणसं लागतात. अहवालात लेबल नेमकं काय मोजतं, कोणता निकष धरला, कोणता सोडला आणि त्यामुळे कोणाचं नुकसान होतं, हे प्रत्येकी एका परिच्छेदात मांडा. सोडलेल्या निकषाचे आकडेही द्या. बहुतेक अहवालांत तेवढेच गायब असतात.