कर्ज मिटलं, तरी रिपोर्टवर ‘सूट फाइल्ड’ का दिसतं?

होडीच्या इंजिनावर किंवा कलमबागेवर काढलेलं कर्ज थकतं, बँक दावा लावते, हुकूमनामा (पैसे भरण्याचा कोर्टाचा निकाल) होतो आणि पुढे एकरकमी परतफेड करून प्रकरण मिटतं. बऱ्याच वर्षांनी घरकर्जाला अर्ज केला की क्रेडिट रिपोर्टवर ‘सूट फाइल्ड’, म्हणजे दावा लावल्याची नोंद, जसंच्या तसं. अशा वेळी आधी सिबिलशी भांडण्यात अर्थ नाही. बँक जे कळवते तेच तिथे उमटतं, आणि बँक हलते ती कोर्टाचा कागद बघून.

आधी कर्जांची माहिती ठेवणाऱ्या चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढा: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. खात्याची स्थिती, शिल्लक, दाव्याचा रकाना आणि बँकेने शेवटचं कधी कळवलं ती तारीख, एवढं टिपून घ्या. कर्ज एआरसीला (थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकलेलं असेल तर तेच कर्ज दोन नावांवर दिसू शकतं. मग तक्रारही दोन्ही नोंदींवर करावी लागते.

आता कोर्ट. दापोली असो की देवगड, ज्या कोर्टात दावा होता तिथे नकलेचा अर्ज देऊन हुकूमनाम्याची आणि दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज) झाली असल्यास तिच्या शेवटच्या आदेशाची नक्कल घ्या. खरी गोम इथेच असते. पैसे कोर्टाबाहेर बँकेत भरले आणि कोर्टाला कुणी कळवलंच नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम २ प्रमाणे वसुली करणारं कोर्ट ते पैसे धरतच नाही. हुकूमनाम्याची अंमलबजावणी तर १२ वर्षांपर्यंत मागता येते. भरणा नोंदवण्यासाठी कर्जदाराने स्वतः अर्ज करायची मुदत फक्त ३० दिवसांची. ती टळली असेल तर बँकेच्या वकिलाकडून वसुली पूर्ण झाल्याची पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) दाखल करून घ्या. बँकेला ही मुदत आड येत नाही. तडजोड लोकअदालतीत झाली असेल तर तिचा निवाडा हुकूमनाम्याच्याच तोडीचा, त्याची नक्कल जोडा.

बँकेकडून नो ड्यूज दाखला नव्या तारखेचा घ्या. त्यावर खाते क्रमांक, दाव्याचा क्रमांक, भरलेली रक्कम आणि तारीख हवीच. ‘खाते बंद’ एवढ्या मोघम ओळीने काम होत नाही. बँक विलीन झाली असेल तर तिच्या वारस बँकेकडे जा: देना बँकेची खाती २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदाकडे गेली, सिंडिकेटची २०२० मध्ये कॅनराकडे. जुन्या पावत्यांच्या झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा, कोकणातल्या दमट हवेत थर्मल कागदावरची अक्षरं फार काळ टिकत नाहीत.

मग ज्या क्रेडिट कंपनीच्या रिपोर्टवर चूक आहे तिच्या साइटवर डिस्प्यूट (चुकीच्या नोंदीची तक्रार) टाका आणि त्याच दिवशी बँकेलाही लेखी द्या. निकाल ३० दिवसांत लागायला हवा. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या. बँकेने खरोखरच काही रक्कम सोडली असेल तर ‘सेटल्ड’ (कमी रकमेत मिटवलं) ही नोंद चूक नाही, आणि डिस्प्यूट फेटाळला जाईल. तिथे ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) हवं असेल तर सोडलेली रक्कम भरायची तयारी दाखवून बँकेशी बोला, आणि भरण्याआधी नोंद बदलून देण्याचं लेखी घ्या. शिल्लक शून्य दाखवणं आणि निकाली दावा चालू दिसत असल्यास तो काढणं, हे मात्र हक्काने मागा. सात वर्षांनी सगळं आपोआप पुसलं जातं यावर विसंबू नका. सात वर्षं ही माहिती ठेवण्याची किमान मुदत आहे. पैसे घेऊन ‘सिबिल साफ’ करून देणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ता वेगळा. तिथे बहुधा सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला असतो. रिपोर्टवर त्याचा मागमूस नसला तरी बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात बसलेला असतो आणि नव्या बँकेचा वकील तो शोधतोच. संस्थेचं बोजा कमी करण्याचं पत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार मंजूर झाल्यावर सातबारा पुन्हा काढून बघा. कोर्टाच्या जप्तीची नोंद असेल तर संस्थेचं पत्र पुरत नाही; त्यासाठी जप्ती उठवल्याचा कोर्टाचाच आदेश लागतो.