इंग्लंडमध्ये सॉलिसिटर गाठण्याआधी: खान्देशातून नव्यानं आलेल्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे वकील गाठायचा तर कोर्टाच्या आवारात जायचं, ओळखीनं कुणाला तरी विचारायचं आणि वकीलपत्रावर सही करायची. समोरच्याकडे सनद आहे का, हे आपण सहसा विचारत नाही. इंग्लंडमध्ये ते विचारावंच लागतं. इथं ‘सॉलिसिटर’ (अशिलाला सल्ला देणारा, त्याचे कागद आणि व्यवहार बघणारा वकील) ही उपाधी १९७४ च्या कायद्यानं राखलेली आहे. पात्रता नसताना ती लावणं गुन्हा ठरतो. ‘लॉयर’ किंवा ‘लीगल कन्सल्टंट’ अशी पाटी मात्र कुणीही लावू शकतो. मृत्युपत्र लिहून देण्याचा धंदासुद्धा सॉलिसिटर नसलेला माणूस राजरोस करू शकतो.

लॉ सोसायटी ही इंग्लंड आणि वेल्समधल्या सॉलिसिटरांची व्यावसायिक संस्था. ती १८२५ साली स्थापन झाली आणि लंडनच्या चान्सरी लेनवर तिचं कार्यालय आहे. आपल्या जिल्हा वकील संघासारखी ती सभासदांची बाजू मांडते, सरकारशी बोलते, कामाच्या पद्धतीबद्दल सूचना काढते. पूर्वी शिस्तीचं कामही तिच्याकडेच होतं. २००७ पासून ते सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी, म्हणजे एसआरए, ही स्वतंत्रपणे चालणारी संस्था बघते. सॉलिसिटरबद्दल तक्रार असली की इथले जुने लोक अजूनही ‘लॉ सोसायटीला पत्र टाका’ म्हणतात. तो सल्ला आता लागू पडत नाही, आणि त्यात हातचे दिवस जातात.

सर्वसामान्य माणसाला लॉ सोसायटीचा उपयोग होतो तो सॉलिसिटर शोधताना. तिच्या ‘फाइंड अ सॉलिसिटर’ या मोफत सेवेत तुमच्या भागाचा पोस्टकोड आणि कामाचा प्रकार टाकला की नावं मिळतात. बोलण्याची भाषाही निवडता येते. नावापुढे सोसायटीची मान्यता आहे का ते बघा: घरखरेदीसाठी ‘कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम’, व्हिसा आणि आश्रयाच्या कामासाठी ‘इमिग्रेशन अँड असायलम’. नाव सापडलं की ते एसआरएच्या नोंदवहीत पुन्हा तपासा. फर्मच्या वेबसाइटवर एसआरएचा बिल्ला असतो. तो नुसता बघू नका, त्यावर क्लिक करा. चोरून चिकटवलेलं चित्र उघडत नाही.

घरखरेदी, वारसा, व्हिसा अशा ठरावीक कामांचे दर फर्मनं वेबसाइटवर छापणं २०१८ च्या डिसेंबरपासून बंधनकारक आहे. काम सुरू करताना मिळणारं पत्र शेवटपर्यंत वाचा. फी किती, त्यात व्हॅट धरलाय का, बाहेरचे खर्च कोणते, काम कोण करणार आणि तक्रार कुणाकडे करायची, हे सगळं त्यात असायला हवं. तोंडी ठरलेल्या फीला इथं कुणी विचारत नाही.

सर्वांत जास्त माणसं अडकतात ती व्हिसाच्या कामात. ‘आपल्याकडचाच भाऊ आहे, फॉर्म भरून देतो’ या भरवशावर पासपोर्टच्या प्रती आणि पैसे दिले जातात. १९९९ च्या कायद्याप्रमाणे पात्र किंवा नोंदणीकृत नसलेल्या माणसानं व्हिसाचा सल्ला देणं हा गुन्हा आहे, पैसे न घेता दिला तरी. सॉलिसिटर नसलेल्या सल्लागाराची नोंद इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे असावी लागते. तिथं तीन पातळ्या आहेत आणि पहिल्या पातळीच्या सल्लागाराला अपील लढवता येत नाही, म्हणून पातळीही विचारा. भाऊ मदतीला धावला ही चांगलीच गोष्ट, पण त्याचं काम भाषांतर आणि सोबत एवढंच असू द्या. अर्जात चुकीची माहिती गेली तर उत्तर सही करणाऱ्यालाच द्यावं लागतं.

फर्मनं काम बिघडवलं, तर आधी फर्मकडेच लेखी तक्रार द्या आणि तिला आठ आठवडे द्या. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर वकिली सेवेच्या तक्रारी ऐकणाऱ्या लीगल ऑम्बड्समनकडे जा. तिथं फी नसते. फर्मचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिने, आणि चूक घडल्यापासून किंवा लक्षात आल्यापासून एक वर्ष, अशी मुदत आहे. अफरातफर किंवा खोटेपणाचा संशय असेल तर थेट एसआरएला कळवा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: तक्रार केली म्हणून व्हिसाची मुदत थांबत नाही. अर्ज नाकारला गेला, तर इथं राहून त्या निर्णयाची प्रशासकीय फेरतपासणी मागायला १४ दिवसच मिळतात. तेवढ्यात दुसरा सॉलिसिटर गाठून आपली फाइल त्याच्याकडे मागवून घ्या.

घर घेताना सॉलिसिटर पैशाचं मूळ विचारतो. तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, काळ्या पैशाविरुद्धचे नियम त्याला तसं करायला लावतात. रावेरकडची केळीची बाग किंवा कापसाचं शेत विकून वडिलांनी पैसे पाठवले असतील, तर खरेदीखत, सातबारा, बँकेचे उतारे आणि त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच तयार ठेवा. चार नातेवाइकांच्या खात्यांतून थोडीथोडी रक्कम आली की प्रत्येकाचा कागद मागितला जातो आणि व्यवहार लांबतो. व्यवहाराच्या ऐन शेवटी ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा ईमेल आला, तर पैसे पाठवू नका. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. ईमेलमधल्या नंबरवर नाही. एकदा गेलेली रक्कम परत मिळणं फार अवघड.

गावाकडच्या जमिनीचं मुखत्यारपत्र हे वेगळं काम आहे. मसुदा जळगाव-धुळ्याच्या वकिलाकडूनच करून घ्या. गट नंबर आणि नाव सातबाऱ्यावर आहे तसंच हवं. परदेशात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधक मानतो, ते नोटरी पब्लिक किंवा भारतीय वाणिज्य दूत यांच्यासमोर केलेलं असेल तर. नुसत्या सॉलिसिटरच्या शिक्क्यावर भागवू नका. इथले बरेच नोटरी सॉलिसिटरही असतात, पण नोटरी म्हणून त्यांच्यावर फॅकल्टी ऑफिसची देखरेख असते. यादी तिथंच तपासा. नोटरीकडे केलं असेल तर नंतर ब्रिटिश परराष्ट्र खात्याकडून अपोस्टिल, म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचा दाखला, घ्या. मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं. कागद कुरिअरनं घरी येतो आणि कपाटात पडून राहतो, म्हणून पाठवतानाच घरच्यांना तारीख सांगा.

तिकडे वकिली केलेल्यांनी सॉलिसिटर व्हायचं तर परीक्षा लॉ सोसायटीची नसते, एसआरएची असते. तिचं नाव एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन), सुरू झाली २०२१ मध्ये. पहिल्या भागात प्रत्येकी १८० प्रश्नांचे दोन पेपर. दुसऱ्या भागात लेखी आणि तोंडी मिळून १६ कामं. सनदधारकाला दोन वर्षांच्या उमेदवारीची अट नाही, आणि अनुभव दाखवता आला तर दुसऱ्या भागातून सूट मागता येते. पहिल्या भागातून सूट मिळण्याची आशा धरू नका, तो अभ्यास करूनच द्यावा लागतो. निघण्यापूर्वी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून नोंदणी आणि वर्तणुकीचा दाखला घ्या. जळगावच्या विद्यापीठाचं नाव २०१८ मध्ये बदललं, त्यामुळे जुन्या पदवीवर ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ आणि नव्या कागदांवर कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव असतं. दोन्ही एकच असल्याचं पत्र विद्यापीठाकडून सोबत आणा.