घोडा घ्यायचा तर ओहोटी बघून

अलिबाग, नागाव, काशीद, कुठेही किनाऱ्यावर घोड्यावर बसायचं तर आधी ओहोटीची वेळ बघा. ती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. पाणी ओसरलं की ओली, घट्ट वाळू मिळते आणि घोड्याचं पाऊल नीट पडतं. वरच्या भुसभुशीत वाळूत बिचाऱ्याचे पाय रुततात. चढण्याआधी खोगिराखाली हात घालून बघा. जखम किंवा ओला चट्टा लागला तर सरळ दुसरा घोडा. भाडं किती, फेरी कुठपर्यंत, हे आधीच ठरवा. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पावलाचा पुढचाच भाग, टाच खाली. चपला काढूनच ठेवा, त्या अडकतात. अलिबागहून समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाडीही जाते, पण ओहोटीतच. परत कधी निघायचं ते गाडीवाल्याला विचारून ठेवा.