बोरायडर की डेकबोट?

मिशिगनसारख्या सरोवरांच्या राज्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत दोन-तीन उन्हाळे भाड्याची बोट चालवून झाली की स्वतःची बोट घेण्याचा विषय निघतो आणि बहुधा एकोणीस-वीस फुटांची बोरायडर घ्यावी की तेवढ्याच लांबीची डेकबोट, या प्रश्नापाशी अडतो. दोन्हींच्या पुढच्या भागात बसता येते आणि इंजिनेही सारखीच मिळतात. खरा फरक तळाच्या व नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, आकारात असतो. बोरायडरची नाळ निमुळती व तळ अधिक खोलगट असल्यामुळे ती लाट कापत जाते. डेकबोटीची नाळ रुंद असल्याने जागा भरपूर मिळते, पण लाटांवर ती अधिक आपटते.

म्हणून आसने मोजण्याआधी आपले पाणी पाहावे. डेट्रॉइटजवळचे सेंट क्लेअर सरोवर विस्तीर्ण असूनही त्याची सरासरी खोली सुमारे ११ फूटच आहे, त्यामुळे वारा सुटताच तेथे आखूड, उभ्या लाटा उठतात. तेथे मी बोरायडरच घेईन. याउलट आपण आतल्या लहान, आडोशाच्या तळ्यावरच फिरणार असू आणि सोबत आजी-आजोबा असतील, तर डेकबोट सरस ठरते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला निमुळत्या नाळेतून वाट काढत धक्क्यावर उतरणे किती अवघड जाते, हे जाहिरातीतल्या छायाचित्रांत दिसत नाही.

अमेरिकेत २० फुटांहून लहान, एका तळाच्या मोटारबोटींवर क्षमतेची पाटी असणे बंधनकारक आहे. तिच्यावरील माणसांच्या आकड्याइतकेच एकूण वजनाकडेही लक्ष द्यावे, कारण आपल्या सहलीत माणसांबरोबर डबे, बर्फाची पेटी आणि चहाचे थर्मासही चढतात. बोट ट्रेलरवर न्यायची असल्यास गाडीची ओढण्याची क्षमता ठरवताना बोट, ट्रेलर, सामान आणि इंधन या सर्वांचे वजन धरावे; पेट्रोलचे वजन गॅलनला सुमारे ६ पौंड असते, म्हणजे ४० गॅलनची भरलेली टाकी एकटीच २४० पौंडांची होते.

चाचणीची फेरी विक्रेत्याच्या सोयीने सकाळच्या शांत पाण्यात उरकू नये. शक्यतो वारा असताना, घरच्या सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून सोबत न्यावे. वेग घेताना नाळ उचलली जाऊन चालकाला समोरचे पाणी किती वेळ दिसेनासे होते, तसेच पुढची आसने भरलेली असताना हळू वेगात नाळ किती खाली दबते, हे दोन्ही बोटींत ताडून पाहावे.

मुलांना मागच्या फळीवरून पाण्यात उतरणे आवडते. तेथे इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, म्हणून इंजिन बंद केल्याशिवाय कोणालाही फळीवर जाऊ देऊ नये. इतके पाहूनही दोन्ही बोटी तुल्यबळ वाटल्या, तर इंजिनाच्या जागेवरून निर्णय घ्यावा. बोटीच्या बाहेर टांगलेले आउटबोर्ड इंजिन उभे ठेवले की त्यातले पाणी आपोआप निथळते. आत बसवलेल्या इंजिनातले पाणी हिवाळ्यापूर्वी काढायचे राहिले, तर ते गोठून इंजिनाला तडा जाऊ शकतो.