पेनच्या दाबावरून सही तपासताय? या चुका टाळा

स्क्रीनवर किंवा पॅडवर केलेल्या सहीचा आकार सरावाने गिरवता येतो. हात कुठे जोर देतो आणि कुठे सोडतो, हे मात्र नुसत्या सहीकडे बघून नीट कळत नाही. म्हणून बनावट सही पकडायला दाब उपयोगी. पण हाती आलेला आकडा खरोखर दाबाचा आहे का, हेच कुणी तपासत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक ब्राउझरमध्ये होते. पॉइंटर इव्हेंट्सच्या (पेन, बोट, माउस यांच्या हालचाली वेब पानाला कळवणाऱ्या पद्धतीच्या) नियमाप्रमाणे दाब ० ते १ मध्ये येतो. उपकरणाला दाब मोजता येत नसेल, तर टेकलेलं असेपर्यंत सरळ ०.५ मिळतो. ग्राहक साध्या रबरी टोकाच्या स्टायलसने सही करतो आणि सगळीकडे ०.५. पुढे आकडे एका मापात आणायला सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागलं की शून्य भागिले शून्य, म्हणजे ‘नॅन’ (NaN, ‘संख्याच नाही’). तो अंतराच्या, म्हणजे ही सही नमुन्यापासून किती वेगळी आहे त्या आकड्याच्या, बेरजेत शिरतो. ‘अंतर मर्यादेपेक्षा जास्त असेल तर नाकारा’ ही अट नॅनसाठी कधीच खरी ठरत नाही, त्यामुळे कुणीही मारलेली रेघ पास होते! ऑफिसातल्या चाचणीत सगळे दाब मोजणारं पेन वापरतात, म्हणून हे काउंटरवर गेल्यावरच उघडं पडतं. अट उलटी लिहा: अंतर मर्यादेच्या आत असेल तरच स्वीकारा. शिवाय एका सहीत दाबाचे दहाएक वेगळे आकडे नसतील, तर दाब तपासणीतून वगळा आणि तशी नोंद ठेवा.

दुसरी चूक निव्वळ घाईची: एकच नमुना सही घेणं. माणसाचा दाब स्वतःच्याच दोन सह्यांत किती बदलतो, हे एका सहीवरून कळणार कसं? पाच तरी घ्या, शक्यतो दोन वेगळ्या दिवशी. पहिली सही हात बसण्यापुरती. ती मोजू नये.

रेघेची जाडी म्हणजे दाब नव्हे. बऱ्याच सही-लायब्ररी ती वेगावरून ठरवतात.

पेन उचललेलं असतानाचे शून्य सरासरीत धरू नका.

दाबाच्या १०२४ पातळ्यांचं पॅड आणि ८१९२ पातळ्यांचं पॅड यांचे कच्चे आकडे थेट ताडू नका. कमाल पातळीने भागूनही ड्रायव्हरमधली टोकाच्या मऊपणाची सेटिंग फरक पाडतेच. ती सगळीकडे एकच ठेवा.

आणि फक्त दाबावर निकाल देऊ नका. २००४च्या एसव्हीसी या सही-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत निव्वळ एक्स-वाय निर्देशकांवर सराईत बनावट सह्यांसाठी सर्वोत्तम चूक-दर २.८४ टक्के होता. दाब आणि पेनचा कल दिल्यावर २.८९.