टेक्सासमधला कर-लिलाव: पहिली बोली लावण्याआधी

टेक्सासमध्ये मालमत्ता कर थकलेली घरं-जमिनी काउंटी (जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) सहसा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलावात काढते. बोली लावायची तर आधी काउंटीच्या कर कार्यालयातून 'माझी कराची थकबाकी नाही' असा लेखी दाखला काढा. अर्ज वेळेत करा. पैसे बहुधा त्याच दिवशी भरावे लागतात, बँकेच्या कर्जावर विसंबू नका.

यादीतली मालमत्ता स्वतः जाऊन पाहा. घराच्या पत्त्याखाली कधी नुसती नाल्याकाठची पट्टी निघते. आत कोणी राहत असेल तर ताबा मिळवणं तुमच्याच माथी. केंद्रीय कर खात्याचा बोजा नोंदलेला आहे का तेही तपासा; त्या खात्याला विक्रीनंतर किमान 120 दिवस मालमत्ता पैसे देऊन सोडवून घेता येते.

नवखे फसतात ते मुदतीत. जुना मालक राहतं घर किंवा शेतजमीन 2 वर्षांत सोडवू शकतो, इतर बहुतेक मालमत्ता 180 दिवसांत. त्याने सोडवली तर तुमची बोली, भरलेले कर आणि मान्य खर्च परत मिळतात, वर पहिल्या वर्षी त्यांचे 25 टक्के जादा. दुसऱ्या वर्षी 50. म्हणजे 40,000 डॉलर गुंतले असतील तर पहिल्या वर्षी 10,000 वर. मुदत खरेदीखत नोंदवल्यापासून मोजतात, म्हणून नोंदणी लगेच करा. तोवर विमा उतरवा, पण स्वयंपाकघर नवं करू नका: हौसेच्या सुधारणांचा खर्च परत मिळत नाही.